मर्लच्या बंदुका

माझा नवरा व्हर्न भाषण करायला उभा राहिला की मी खाली बघते. त्याचा शर्ट मागून पँटच्या बाहेर आलेला असतो आणि तो दिसला की मला हसू आवरत नाही, म्हणून. पण त्या सोमवारी फायर हॉलमध्ये मी खाली बघत बसले ती निव्वळ लाजेने. समोरच्या फरशीवर कुणाच्या तरी सुपाचा डाग पडला होता. त्या डागाचा आकार मी आजही डोळे मिटून कागदावर काढून दाखवीन.

पण सुरुवात ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा तिथूनच सांगते.

आमचं बंदुकांचं दुकान आहे. पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगरात हरणांचा मोसम सुरू झाला की लगेचच्या सोमवारी शाळेलाही सुट्टी असते, त्यामुळे आमच्या दुकानात न आलेला माणूस टाउनशिपमध्ये, म्हणजे आमच्या गावात, शोधून सापडायचा नाही. व्हर्न नुसत्या बंदुका विकत नाही, त्याबरोबर तो राज्यघटनाही ऐकवतो. कुणी नुसता गोळ्यांचा डबा घ्यायला आला तरी त्याला हक्क म्हणजे काय ते समजून घेऊनच बाहेर पडावं लागतं. "हक्क सरकारने दिलेला नाही, बाबा. तो तू जन्मताना घेऊन आलास. घटनेने फक्त सरकारचे हात बांधले." हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो बोलायला लागला की माझे ओठ आपोआप हलतात. मला ते पटतंही. मी स्वतः शिकार करते, आणि व्हर्नपेक्षा माझा नेम बरा आहे, हे तो सोडून सगळे कबूल करतात.

मर्ल ड्रेशर हा व्हर्नचा पहिलीपासूनचा मित्र. आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली. आमच्या दोन्ही मुली त्याच्याच बसने गेल्या. त्याची बायको जीन फेब्रुवारीत गेली, आणि तेव्हापासून मर्ल आमच्याकडे जेवायला आला की ताट समोर घेऊन बसायचा, जेवायचा नाही. आम्ही आपले हवापाण्याचं बोलायचो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्याचा पिकअप अंगणात येऊन थांबला. मागच्या बाजूला जीनच्या हातच्या गोधड्यांत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. मला वाटलं, गोधड्या चर्चच्या विक्रीला द्यायच्या असतील. व्हर्नने एक गोधडी उचलली आणि वजनावरूनच ओळखलं.

"काही दिवस तुझ्याकडे ठेव," मर्ल म्हणाला. "घरात नकोत."

"बरं," व्हर्न म्हणाला.

एवढंच! त्यानंतर दोघांनी अर्धा तास टोमॅटोवर पडलेल्या रोगाची चर्चा केली. मी खिडकीतून बघत होते. माझ्या मनात येत होतं, अरे, तो माणूस काय सांगायला आलाय, आणि तुम्ही टोमॅटोत काय शिरलाय? पण मीही बाहेर गेले नाही.

व्हर्नने त्या बंदुका दुकानात नेल्या नाहीत. दुकानात ठेवल्या की त्यांची सरकारी नोंद करावी लागते, आणि परत देताना त्याच माणसाची पोलिसांकडे चौकशी. त्या आमच्या तळघरातल्या तिजोरीत गेल्या, गोधड्यांसकट.

"तू त्याला विचारलं का नाहीस?" मी रात्री जेवताना म्हटलं.

"काय विचारायचं?"

"कशासाठी नकोत ते."

"लोर्ना, माणूस विश्वासाने येतो तेव्हा त्याची झडती घ्यायची नसते."

त्या दिवसापासून व्हर्नची छाती दोन इंच फुगली. तेव्हाच राज्याच्या राजधानीत एका नव्या कायद्याची बोलणी चालू होती. घरच्यांनी किंवा पोलिसांनी न्यायाधीशाकडे जायचं, अमुक माणूस जिवाचं बरंवाईट करील म्हणून सांगायचं, आणि न्यायाधीशाने त्याच्या बंदुका काढून घ्यायच्या. त्या माणसाचं म्हणणं मग पुढच्या तारखेला ऐकायचं. व्हर्न बातम्या बघताना टीव्हीशी भांडायचा. "आधी काढून घेणार आणि मग विचारणार! गुन्हा नाही, खटला नाही, आणि घरातून वस्तू उचलून नेणार! चोर तरी निदान रात्री येतो." आणि मग आवाज खाली आणून, तळघराच्या दाराकडे बघत म्हणायचा, "आपण बघ कसं केलं. ना पोलीस, ना कोर्ट. मोकळी माणसं एकमेकांना अशी सांभाळतात." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरच्या शेवटी मर्ल बंदुका मागायला आला.

मी स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होते. मर्लने दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. टेबलाशी बसून म्हणाला, "व्हर्न, माझ्या त्या नेतो. मोसम आलाय."

आता त्याच्या दोनच दिवस आधी पोस्टवालीने मला सांगितलं होतं की मर्लने आपली कुत्री तिला देऊन टाकली. टिली नावाची बीगल. जीन असताना ती कुत्री त्याच्या मांडीवरून उतरायची नाही. मी ते व्हर्नला सांगितलं होतं, आणि ऐकून तो जेवता जेवता थांबला होता. कुत्री देऊन टाकली, आणि आता दाढी करून, स्वच्छ कपडे घालून बंदुका मागायला आलाय! कायमचा निघालेला माणूस असाच सगळं आवरून ठेवतो. मी व्हर्नकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"अरे, काय सांगू," व्हर्न म्हणाला, "तिजोरीचं कुलूप बिघडलंय. ते बटणांचं असतं ना, ते. विल्यम्सपोर्टहून माणूस येणार आहे."

"अस्सं," मर्ल म्हणाला.

"दोन-चार दिवसांत होईल."

मर्लने माझ्याकडे बघितलं. मी सफरचंदाकडे बघितलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा विल्यम्सपोर्टचा माणूस आजारी होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा व्हर्न दुकानात होता आणि मी घरात एकटी. तो दारातच उभा राहिला. टोपी हातात.

"लोर्ना, तिजोरी उघडते का गं?"

"आत ये की. केक केलाय."

"उघडते तर," तो म्हणाला.

तो आत आला, बसला, केक संपवला. ताटली धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली. जाताना म्हणाला, "छान झालाय." रागावला असता, ओरडला असता, तर मला बरं वाटलं असतं. ती धुतलेली ताटली बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हर्न घरी आल्यावर मी त्याला धरला. "देऊन टाक, नाहीतर तोंड उघडून विचार. हे काय चाललंय?"

"काय विचारू?"

"मरायचा विचार आहे का, असं विचार."

"असं कोण विचारतं कुणाला!"

"मग त्याच्या बहिणीला फोन कर. डॉक्टरला सांग."

"आणि ते कुणाला सांगतील? चार दिवसांत गावभर होईल. बस चालवणारा मर्ल वेडा झाला म्हणून. लोर्ना, तो माझा मित्र आहे."

"मित्राच्या बंदुका दाबून बसलायस तू."

त्याने जोरात खुर्ची मागे सारली. "दिल्या आणि उद्या त्याने काही केलं तर? सांग! मी काय करू, सांग!"

दिल्या तर मर्लचा जीव जाईल ही भीती, आणि नाही दिल्या तर रोज दुकानात ज्यांच्या नावाने खडे फोडतो त्यांच्यात आणि व्हर्नमध्ये फरक तो काय? ते निदान न्यायाधीशाकडे तरी जाणार होते. व्हर्नला एवढं कळत होतं. म्हणूनच त्या दिवसांत दुकानातली त्याची भाषणं आणखी लांबली आणि आणखी चढ्या आवाजात व्हायला लागली.

मोसम सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी टाउनशिपची सभा होती. आमच्याकडे अशा सभा फायर हॉलमध्येच भरतात. आगीचे बंब बाहेर काढायचे आणि आत खुर्च्या मांडायच्या. आम्ही बायकांनी हॅम-घेवड्याचं सूप केलं होतं. ठराव होता राजधानीतल्या त्या कायद्याला विरोध करायचा. तो मंजूर होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लोक आले होते ते सुपासाठी आणि व्हर्नसाठी.

अध्यक्षपदावर ग्लॅडिस होस्टेटर होती. शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली बाई. तिच्यापुढे आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ मोजायला ती घरून अंडी उकडायचं घड्याळ आणते.

व्हर्न उभा राहिला. शर्ट बाहेर आलेला होताच.

"मला कुणी सांगावं," तो म्हणाला, "की कोणत्या माणसाला त्याचं म्हणणं न ऐकता शिक्षा होते? गुलामाला होते. नोकराला होते. स्वतंत्र माणसाला होत नाही. आधी मला बोलव, माझ्यावर काय आरोप आहे ते तोंडावर सांग, माझं ऐक, आणि मग काय करायचं ते कर. आपल्या पूर्वजांनी राजाकडे दुसरं काय मागितलं होतं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर बसला असता तर! पण टाळ्या ऐकल्या की व्हर्नला बसता येत नाही.

"आणि ते म्हणतात, दुःखात असलेल्या माणसाचं काय? सांगतो. याच टाउनशिपमधला एक माणूस आहे. नाव घेत नाही. त्याच्यावर वाईट वेळ आली. तो आपण होऊन मित्राकडे गेला आणि म्हणाला, माझ्या बंदुका ठेव. मित्राने ठेवल्या. कायदा लागला? न्यायाधीश लागला? माणुसकी लागली!"

टाळ्या पडल्या, पण आधीच्यापेक्षा कमी. कारण लोक हळूहळू मागे वळायला लागले होते. आमच्या टाउनशिपमध्ये ऑगस्टात कुणाचा पिकअप कुणाच्या अंगणात किती वेळ उभा होता हे सगळ्यांना माहीत असतं. व्हर्नने नाव घेतलं नाही, पण यंदा बायको गेलेला माणूस गावात एकच होता. आणि तो मागच्या रांगेत, कॉफीच्या किटलीपाशी बसला होता. मर्ल सभेला आलाय हे व्हर्नने बघितलंच नव्हतं.

मर्ल उठला.

"मर्ल," ग्लॅडिस हळू आवाजात म्हणाली, "बोलायचं असेल तर आधी नाव द्यावं लागतं."

"मर्ल ड्रेशर," तो म्हणाला. "दिलं."

कुणी हसलं नाही. ग्लॅडिसने घड्याळ फिरवून ठेवलं.

"तो माणूस मी," मर्ल म्हणाला. "व्हर्नने अर्धीच गोष्ट सांगितली. मी बंदुका दिल्या हे खरं. ऑक्टोबरात मी त्या परत मागितल्या. तीनदा मागितल्या. मिळाल्या नाहीत. व्हर्न आत्ता म्हणाला, आधी मला बोलव, माझं ऐक. मला कुणी बोलावलं नाही. माझ्यावर काय आरोप आहे, तेही मला कुणी सांगितलं नाही. सरकारने नेल्या असत्या तर मी वकील केला असता. मित्राने ठेवून घेतल्या तर कुणाकडे जायचं, हे मला या सभेला विचारायचंय."

तेव्हा मी खाली बघितलं. तो सुपाचा डाग. माझे कान तापले होते आणि हॉलमधले सगळे डोळे व्हर्नवरून माझ्यावर आणि माझ्यावरून व्हर्नवर जाताहेत हे मला न बघता कळत होतं.

"तिजोरी," व्हर्न म्हणाला. "तिजोरीचं कुलूप बिघडलंय. मी सांगितलं होतं त्याला."

आणि मग आमची माणसं, देव त्यांचं भलं करो, मदतीला धावली. डॅरिल हा बंबाचा प्रमुख. तो लगेच उभा राहिला. "अरे, मग बोलायचं नाही का! लोखंड कापायचं मशीन बाहेर बंबावर आहे. गाडीचं दार पाच मिनिटांत कापतो आम्ही, तिजोरी काय घेऊन बसलास! सभा झाली की येतो." दुसरा म्हणाला, "कापू नको रे, चांगली तिजोरी आहे, माझ्याकडे ड्रिल आहे." तिसऱ्याचा मेव्हणा कुलपांचंच काम करत होता, त्याने फोन काढलासुद्धा. चार-पाच जण जॅकेट घालायला लागले. सगळ्यांना किती हायसं वाटलं होतं! फक्त कुलपाचा प्रश्न होता तर!

व्हर्न मध्यभागी उभा होता. आपल्याला कुणी मदत करील म्हणून माणूस इतका घाबरलेला मी कधी बघितला नाही.

"नका येऊ," तो म्हणाला. "तिजोरी चांगली आहे."

डॅरिलचा एक हात जॅकेटच्या बाहीत तसाच राहिला.

"म्हणजे?" ग्लॅडिसने विचारलं. "मग दिल्या का नाहीस, व्हर्न?"

आता याचं उत्तर सरळ होतं. मला भीती वाटत होती की मर्ल स्वतःला गोळी घालून घेईल. एवढं म्हटलं असतं की व्हर्न सुटला असता. सगळ्यांनी मान डोलावली असती, बायकांनी डोळे पुसले असते. आणि मर्ल त्या क्षणापासून मरेपर्यंत आमच्या गावात वेडा म्हणून वावरला असता. व्हर्नने मर्लकडे बघितलं. हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडे दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"त्याच्या वडिलांची ती रायफल आहे ना," व्हर्न म्हणाला, "अक्रोडाच्या दस्त्याची. तशी आता मिळत नाही. मला ती हवी होती. वाटलं, विसरेल."

ग्लॅडिसचं घड्याळ वाजलं. तिने ते बंद केलं नाही, ते आपोआप थांबेपर्यंत वाजत राहिलं.

मला माहीत होतं की हे खोटं आहे. मर्ललाही माहीत होतं. बाकी अख्ख्या हॉलला ते खरं वाटलं. कुणीतरी मागून "छी" म्हणालं, मोठ्याने नव्हे. डॅरिलने हात बाहीतून बाहेर काढला आणि खाली बसला. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि जाताना कुणीही व्हर्नच्या जवळून गेलं नाही. माझं सुपाचं पातेलं मी एकटीने उचललं. एरवी त्याला चार हात लागतात.

गाडीत मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"गाडी चालवू दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ल आला. व्हर्न दुकानात गेलाच नव्हता. मर्लला बघून तो तळघरात उतरला, एकेक गोधडी वर आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. सगळ्या आणल्यावर हात झटकले.

"ने," तो म्हणाला. "सगळ्या आहेत. काल मी जे बोललो..."

"मला माहीत आहे ते काय होतं," मर्ल म्हणाला. "मी लोकांना सांगेन."

"काय सांगशील?"

मर्ल खुर्ची ओढून बसला. गोधडीला हात लावला नाही.

"आधी विचार," तो म्हणाला.

"काय?"

"ऑगस्टपासून जे विचारत नाहीयेस ते."

व्हर्नने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर प्रश्न आला होता, पण मर्लने माझ्याकडे न बघताच हात वर केला. "तू नको, लोर्ना. त्याला विचारू दे."

व्हर्नने तोंड उघडलं. "शनिवारी बर्फ पडेल म्हणतायत," तो म्हणाला. मला त्याला कढई फेकून मारावीशी वाटली. मर्ल नुसता बसून राहिला. बस चालवणारा माणूस. पोर गेटातून धावत येईपर्यंत थांबायची त्याला सवय आहे.

शेवटी व्हर्न टेबलाकडे बघत म्हणाला, "या घरी नेल्यास तर... तू मरशील का, मर्ल?"

"ऑगस्टमध्ये मरणार होतो," मर्ल म्हणाला. "म्हणून तर आणल्या. ऑक्टोबरात मागायला आलो तो शिकारीसाठी. खरंच शिकारीसाठी. दोन आठवडे जरा झोप लागायला लागली होती. वाटलं, मचाणावर जाऊन बसावं, पूर्वीसारखं."

"पण टिलीला देऊन टाकलंस ना," मी मध्येच म्हटलं. मला राहवलंच नाही.

"ती रात्रभर जीनच्या खोलीच्या दाराशी बसून रडायची, लोर्ना. मला ऐकवत नव्हतं. ती तिकडे गेली म्हणून तर मला झोप लागली."

आम्ही केवढा मोठा पुरावा समजून बसलो होतो त्या कुत्रीला! दाढीला, स्वच्छ शर्टाला! एका प्रश्नाचं काम होतं. मला मर्लच्या तोंडाकडे बघवेना आणि व्हर्नने तर दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

"एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," मर्ल म्हणाला.

"आणि आता?" व्हर्न हाताआडूनच म्हणाला. "आता कसं आहे?"

"आता?" मर्लने विचार केला. "आता महिनाभर माझा मित्र मी मरणार म्हणून घाबरून बसलाय. तिजोरी, विल्यम्सपोर्ट, केक. मी घरी जाऊन विचार करायचो, याला माझ्यात काय दिसतंय? मला दिसत नाही असं काय दिसतंय? तीनदा तसाच परत गेलो. आता मला नक्की सांगता येत नाही, व्हर्न. ऑक्टोबरात सांगता येत होतं."

व्हर्न रडला. तीस वर्षांच्या संसारात मी ते एकदा बघितलं होतं, त्याची आई गेली तेव्हा. मर्लने त्याला रडू दिलं. मग उठून गोधड्या चाचपल्या, त्यातली वडिलांची रायफल काढली आणि बाकीच्या परत गुंडाळून ठेवल्या.

"ही शनिवारी नेईन. बाकीच्या राहू देत. पण आता त्या मी ठेवल्यात, तू नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि दर वेळी विचारायचं. तोंडावर."

शनिवारी मोसमाचा पहिला दिवस. बर्फ पडला नाही. दुकानात रोज असते त्याच्या निम्मीही गर्दी नव्हती. दोघं-तिघं आले ते शेजारच्या गावचे. डॅरिल समोरून गेला, आत आला नाही. व्हर्नने कुणालाही घटना ऐकवली नाही.

अंधार पडायच्या सुमाराला मर्ल घरी आला, शिकारीचं केशरी जॅकेट, बुटांना चिखल. हरीण मिळालं नव्हतं. एक दिसलं होतं, म्हणाला, पण लहान होतं, जाऊ दिलं. रायफल भिंतीला टेकवून उभा राहिला. मी कॉफी ओतली. व्हर्नने हरीण कोणत्या बाजूने गेलं ते विचारलं, वारा कुठून होता ते विचारलं. मर्लने दोन्हींची उत्तरं दिली आणि तसाच उभा राहिला, कॉफीला हात न लावता.

व्हर्नचे कान लाल झाले. माझ्यासमोर, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली, मोठ्या माणसाला कपडे काढायला लावावेत तसं त्याला झालं असणार. पण त्याने मान वर केली.

"मर्ल, आज मरावंसं वाटतंय का?"

खरा प्रश्न विचारल्यावर माणूस विचार करतो तसा मर्लने विचार केला.

"मचाणावर नव्हतं वाटत," तो म्हणाला. "आता घरी जायचं म्हटल्यावर थोडं वाटतंय."

त्याने रायफल उचलली, मागची मूठ वर ओढून बोल्ट बाहेर काढला. तो वीतभर लोखंडाचा तुकडा नसला तर गोळी सुटत नाही, रायफल म्हणजे नुसती काठी. मर्लने तो जॅकेटला पुसला आणि व्हर्नच्या तळहातावर ठेवला. रायफल मात्र स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"उद्या चर्चनंतर येईन," तो म्हणाला. "तेव्हा परत विचार."